सगळ्यात मागची सायकल

मी सगळ्यात मागे असतो.
पंप, पंक्चरची पेटी, एक जादा ट्यूब,
आणि पिवळं जाकीट, ज्यात मी उगाच
कुणीतरी महत्त्वाचा वाटतो.
बारा वर्षं फेरारा मी असंच पाहिलंय, पाठीमागून:
घामाने नकाशे उमटलेले शर्ट,
सीटवर न मावणारी माणसं,
आणि त्यांच्या मधल्या फटींतून
तुकड्यातुकड्याने किल्ला.

सगळ्यात पुढे नेरिना.
वय एकाहत्तर, सायकल आईची, काळी,
ब्रेक आईसारखेच कुरकुरणारे.
ती डावा हात वर करते
आणि चौदा परदेशी माणसं एकामागून एक
पाय टेकतात,
काठावर आलेल्या बदकांसारखी.

आमच्यातली भाषा घंटीची.
एक वाजली : सगळे आले, चल.
दोन : थांब, फोटो चाललेत.
तीन : कुणीतरी पडलं.
(नदीतल्या गोट्यांची फरसबंदी आहे आमच्याकडे.
गल्ली दिसायला छान,
ढुंगणाला नाही.)

खंदकापाशी ती नेहमीची गोष्ट सांगते.
राजाने सख्ख्या भावाला ह्याच बुरुजात टाकलं.
त्रेपन्न वर्षं.
सुटला तेव्हा ऐंशीचा होता,
आत जाताना घातले होते त्याच तऱ्हेचे कपडे घालून
रस्त्यावरून चालत गेला,
आणि लोक दारात येऊन बघत राहिले
की ही कुठल्या काळातली विजार.
मग ती थांबते, पाण्याकडे बघते,
आणि म्हणते, त्याचं नाव होतं

आज तिथेच थांबली.

पाण्यात एक कासव वर आलं, खाली गेलं.
डेन्मार्कच्या बाईंना वाटलं, काय सुरेख विराम घेतेय!
कुणी मोबाईल खाली केला, आदराने.
नेरिनाचा हात हवेत,
पिठाचा डबा फळीवर नाही म्हणून
नुसती फळी चाचपणारा.

चार घंट्यांचं आमचं काही ठरलेलं नाही.

मी मागून ओरडलो, आमच्या बोलीत, रागावल्यासारखा :
"ज्यूलिओ! अरे ज्यूलिओ, मागचं चाक बघ तुझं!"
चौदा जणांनी आपापली मागची चाकं पाहिली.
ज्यूलिओ नावाचं त्यांच्यात कुणीच नव्हतं.

"ज्यूलिओ," ती म्हणाली, पाण्यालाच सांगत असल्यासारखी,
आणि पायडल मारलं.

हिरेमहालापाशी भिंतीवरचे अणकुचीदार दगड.
साडेआठ हजार, ती सांगते, रोज.
आज म्हणाली, आठ हजार चारशे नव्याण्णव,
कालच्यापेक्षा एक कमी.
सगळे हसले.
मीही हसलो, पण अर्धवट,
कारण ती हसली नव्हती. किंवा माझ्या जागेवरून
दिसलं नसेल.
माझ्या जागेवरून तिचा चेहरा कधीच दिसत नाही.

संध्याकाळी सायकली मोजून आत लावल्या.
तिने शिंगांचा पाव पिशवीतून काढला,
एक शिंग मोडून मला दिलं.
"ते पोरगं कोण रे, ज्यूलिओ? कुठल्या देशाचं?"
"होतं एक," मी म्हटलं. "मध्येच वळलं."
"पैसे दिले होते का?"
"आगाऊ."
"मग बरं."
कुरकुरीत पाव तिने बराच वेळ चावला.

घरी जाताना तटबंदीवरचा रस्ता घेतो आम्ही,
झाडांखालून. मी सवयीने मागे.
धुकं शेतातून वर सरकत होतं,
तिच्या मागच्या दिव्याची लाल टिकली
तेवढी होती पुढे.
उताराच्या फाट्याशी ती थांबली.
एक पाय खाली.
डावीकडे पाहिलं, तिथे तिचं घर.
उजवीकडेही पाहिलं.

मी काही बोललो नाही.
चेनला तेल हवंय, असं मनात म्हणत राहिलो,
चेनला तेल हवंय.

मग डावीकडे वळली, ब्रेक कुरकुरत,
हात वर न करता.
माझा अंगठा घंटीवर होता.
तसाच राहिला, घरापर्यंत.